तेवढं इंजिन एकटं येऊ द्या

आमच्या सोनईत रेल्वे नाही. गाडी धरायची तर राहुरी किंवा वांबोरी गाठायची, आणि जरा बरी गाडी हवी असेल तर सरळ नगर. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या स्टुडिओत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भिंतीकडे बघून पहिलं तेच विचारतं, "फोटोवाले, तुमचा न् इंजिनाचा काय संबंध?" संबंध काहीच नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी रेल्वेत नव्हतं. मी स्वतः एकदा भरतीच्या परीक्षेला बसलो होतो. गणितात इतका मागे राहिलो की पुढचं स्टेशन दिसलंच नाही.

धंदा फोटो स्टुडिओचा. पासपोर्ट, लग्नं, वास्तुशांती, जावळं, आणि ज्यावर खरं घर चालतं ते वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सची रचना ठरलेली असते. मधोमध उत्सवमूर्ती, गॉगल घालून, मोबाइलवर बोलताना. वरच्या बाजूला नेत्यांचे गोल चेहरे, कुणाचा मोठा आणि कुणाचा लहान ते त्या आठवड्याच्या राजकारणावर. खाली 'शुभेच्छुक' म्हणून तीस-चाळीस मुंडकी. ती सगळी मी कापतो. वीस-बावीस वर्षं मी माणसांची मुंडकी कापतोय आणि माझ्यावर एकही गुन्हा नाही. पण एका रात्री अडीच वाजता चौतिसावा शुभेच्छुक कापताना (त्याचा कान मागच्या म्हशीच्या शिंगात मिसळत होता) माझ्या मनात आलं, की मरायच्या आधी एक फोटो असा काढायचा, ज्यात माणूस नाही.

सुरुवात गावातूनच केली. मुळा उजव्या कालव्याच्या भरावावर सकाळी सहाला ट्रायपॉड लावला. धुकं, पाणी, पलीकडे उसाचे तुरे. सहा वाजून दोन मिनिटांनी मागून आवाज आला, "मोजणी चाललीय का? कुणाची जमीन जाणारे?" मी म्हटलं, नाही, फोटो काढतोय. "कशाचा?" पाण्याचा. यावर ते गृहस्थ पाण्यासमोर जाऊन उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "काढा." नेवासे तालुक्यात माणूस नसलेला फोटो काढणं अशक्य आहे हे मला त्या दिवशी कळलं. कॅमेरा दिसला की आमच्याकडे माणूस उगवतो, जसा पाऊस पडला की कुंदा उगवतो.

मग ते लग्न आलं. म्हणजे लग्नाआधीचं लग्न, प्री-वेडिंग. मुलाकडच्यांनी महाबळेश्वर सुचवलं, मुलीकडच्यांनी लोणावळा, आणि तडजोड म्हणून माथेरान ठरलं. मुलीच्या मैत्रिणीने कुठेतरी वाचलं होतं की तिथल्या छोट्या गाडीच्या वाटेवर एक बोगदा आहे, त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. एवढाच बोगदा, एवढाच वेळ. या बोगद्यात फोटो हवा, अशी अट पडली. नेमका हा तपशील मोठ्यांना सांगायचा राहिला असावा, कारण टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये नवरा-नवरीसोबत मुलीची आत्या, मुलाचे मामा, दोन करवल्या आणि डब्यात धपाटे होते.

माळशेज उतरून, मुरबाड, कर्जत करत आम्ही नेरळला पोचलो. नेरळ हे मुंबई–पुणे लोहमार्गावरचं स्टेशन. मोठी गाडी तिथे आपल्या मार्गाने निघून जाते आणि बाजूलाच दोन फुटी रुळांवर ही माथेरानची गाडी उभी असते. दोन फूट म्हणजे नेमके दोन फूट. आमच्याकडे बैलगाडीच्या दोन चाकांत याच्या दुपटीहून जास्त अंतर असतं. मामांनी रूळ बघून विचारलं, "हे काम अर्धवट राहिलंय का?"

बोगद्याचं आधी उरकतो. गाडी बोगद्यात शिरली, अंधार झाला, मी कॅमेऱ्याचं आयएसओ वाढवायला घेतलं, आणि आकडा सोळाशेवर जाईपर्यंत उजेड आला. माझ्याकडे त्या बोगद्याचे दोन फोटो आहेत. एक संपूर्ण काळा. दुसऱ्यात आत्याबाई समोरच्या बाकावर ताठ बसलेल्या, डोळे टक्क उघडे, एक हात नवरीच्या मनगटावर. चुंबनाचं म्हणाल तर नवऱ्याच्या गालाला त्या वेळी धपाट्याचा चुरा लागलेला होता, एवढाच पुरावा उपलब्ध आहे.

पण बोगद्याच्या आधी, नेरळला सगळे वडापाव खात असताना, मी ते इंजिन पाहिलं होतं. टपरीएवढं. चढायला तयार. मी बसून एक फोटो काढला. इंजिन म्हणालं नाही, "या बाजूने माझी हनुवटी दोन दिसते." उभा राहून काढला. इंजिन म्हणालं नाही, "दाखवा बघू, हा डिलीट करा." वाकून काढला, आडवा काढला, अर्धा काढला. ते हललं नाही, त्याने मोबाइल कानाला लावला नाही, त्याला गॉगल नको होता. वीस वर्षांत मला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. प्रेम म्हणतात ते हेच असावं. लग्नाचे सहाशे फोटो घेऊन आलो, त्यात दोनशे दहा इंजिनाचे निघाले. मुलीकडच्यांनी अल्बमचे पैसे देताना हे धरून कापले.

तेव्हापासून वर्षातून तीन-चारदा तरी मी माथेरानला जातो. बायकोचा पहिला संशय वेगळा होता. तिने एकदा माझ्या कॅमेऱ्यातले फोटो रात्री गुपचूप पाहिले. एकशे ऐंशी फोटोंत बाई नाही, माणूस नाही, जेवण नाही, डोंगरसुद्धा अर्धाच. दुसऱ्या दिवशी ती माहेरी फोनवर सांगत होती, "तसं काही नाही गं. त्याहून वाईट आहे."

खरी अडचण आमच्या तात्यांची. तात्या माझे चुलते. साखर कारखान्यात बॉयलरवर उभी हयात काढून निवृत्त झालेले. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, १९५०च्या सुमारास सुरू झाला आणि मग जिल्ह्यात कारखान्यांचं पीक आलं. त्या पिकातल्या एका चिमणीखाली तात्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारची माणसं असतात, बॉयलरजवळ उभी राहू शकणारी आणि बाकीची. मी शनिवारी निघतो, कारण रविवारी मला लग्न नसलं तरच जमतं. तात्या ओट्यावरून म्हणतात, "शनवारी लोखंडाच्या नादी लागू नये माणसानं. शिंगणापूर चार पावलांवर हाये, तेल वाहून ये आन् घरी बस." शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, म्हणून तिथले लोक निर्धास्त असतात. आमच्या घराला दार आहे आणि दारात तात्या आहेत.

"इंजान कशावर चालतं तुझं?" त्यांनी पहिल्या खेपेलाच विचारलं होतं.

"डिझेलवर."

"म्हंजी ट्रॅक्टर. ट्रॅक्टरचे फोटू काढाया घाट उतरून गेला व्हय?"

हे लागलं. मग मी माहिती काढायला लागलो, आणि माहिती हे व्यसन कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त असलं तरी जास्त वाईट आहे. सांगतात असं की, सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे बडे व्यापारी एकदा नेरळला उतरले, तर वर जायला घोडाही मिळेना आणि पालखीही मिळेना. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, आता वर येईन तर स्वतःच्या गाडीने. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातला स्वभाव पाहा. आमची एसटी चुकली तर आम्ही स्टँडवर भेळ खातो. त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, १९०४ साली काम काढलं, सोळा लाखांच्या आसपास रुपये डोंगरात घातले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू केली. साधारण एकवीस किलोमीटर, चढ काही ठिकाणी विसात एक, आणि वळणं अशी की गाडीची शेपटी स्वतःचंच तोंड बघते. डोंगर तासण्यापेक्षा त्याच्या कलाने घेतलं तर पैसे वाचतात, हे ज्याला समजलं त्याने हा रूळ आखला.

पहिली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची, वाफेची. सहा चाकांची. आता एवढ्या कमी जागेत सहा चाकं वळवायची कशी? तर पुढचा आणि मागचा आस पोकळ, आतल्या आत थोडा सरकणारा, त्यामुळे चाकं वळणाच्या मागे जातात. क्लीन-लिंडनर अशी त्याची पद्धत. हे मी तात्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चौकात रिव्हर्स घेणारा आपला पोऱ्या काय शिकून आलाय का हे?" आणि खरंच, गाळपाच्या दिवसांत सोनईच्या चौकात उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या वळवणारा ड्रायव्हर पाहिला, की जर्मनांबद्दल वाटणारा आदर थोडा वाटून घ्यावा लागतो.

त्या इंजिनांचा आराखडा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा. हे नाव ऐकून तात्यांना काही वाटलं नाही, पण मी पुढे म्हटलं, "तात्या, बारशी लाईट काढणारा तोच," तेव्हा ते सावरून बसले. बार्शी लाईट रेल्वे त्यांनी पाहिलेली. कुर्डुवाडीला उतरून त्या अडीच फुटी गाडीने आषाढीला पंढरपूर. ती लाईन १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी निघाली, १९०६ला पंढरपुरात पोचली, १९११ला लातुरात, १९२७ला मिरजेत. "ती गाडी," तात्या म्हणाले, "चढावर आसली की पोरं उतरून लघवी करून पुन्यांदा चढायची. आन् टपावर किती माणूस? गाडी दिसतच न्हवती. माणसाचा ढीग पळतोय आसं वाटायचं." म्हणजे इंजिन आणि माणूस यांचं हे भांडण जुनं आहे. बार्शीची ती लाईन आता सगळी रुंद झाली. फोटो काढायला मी एक पिढी उशिरा जन्मलो.

कॅलथ्रॉपबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. या गृहस्थाने पुढच्या आयुष्यात विमानातून उडी मारायची छत्री तयार केली. तिचं नाव 'गार्डियन एंजल'. दोन फुटांच्या रुळावरून दरीच्या काठाने गाडी नेणाऱ्याला शेवटी छत्री सुचावी, यात नवल काही नाही. पॅनोरमा पॉइंटच्या अंगाने गाडी वळते तेव्हा खिडकीतून खाली पाहून आत्याबाईंनाही तेच सुचलं होतं.

ती वाफेची इंजिनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. त्याआधीच, १९५०च्या दशकात, युंग या जर्मन कंपनीची डिझेल इंजिनं आली होती. मूळच्या चौघांपैकी एक आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, आणि ७४० नंबरचं पार विलायतेत, लेटन बझर्ड नावाच्या गावी. तिथल्या हौशी लोकांनी ते दुरुस्त करून पुन्हा पेटवलं. म्हणजे माथेरानच्या इंजिनाचा खरा धूर बघायचा तर व्हिसा काढावा लागतो. व्हिसाचे फोटो मात्र मी सवलतीत काढून देतो.

मग माथेरानच्या वाटेवर आज काय दिसतं? डिझेल. आणि अलीकडच्या वर्षांत मध्य रेल्वेने त्यातल्या एका डिझेलला जुन्या वाफेच्या इंजिनाचं रूप चढवलंय. वरून गोल पोटाचा बॉयलर, चिमणी, सगळा थाट. आत तेच डिझेल. प्रथम मला हे पटलं नाही. हाडाचा शौकीन म्हणून मी नाक मुरडलं. मग आठवलं की मागच्याच आठवड्यात एका उत्सवमूर्तीच्या डोक्यावर मी संगणकात फेटा चढवला होता, आणि दोन वर्षांपूर्वी गेलेले केससुद्धा. रेल्वेने तर निदान खऱ्या पत्र्याचं काम केलंय.

तिथे माझ्यासारखे आणखी भेटतात. मुंबईचे, ठाण्याचे, पुण्याचे. त्यांच्या लेन्सा आमच्याकडच्या ऊसतोडीच्या कोयत्यापेक्षा लांब आणि भाषा अशी, की मराठीत बोलत असूनही दुभाषा लागावा. "एनडीएम-सिक्स आहे, पण लाइट अजून नाकावर नाही." "मागच्या वळणावर ग्लिंट मिळेल." एकाने मला विचारलं, "तुम्ही नगरचे ना? दौंड–मनमाडवर सध्या काय चालतं?" त्याला इंजिनाचा नंबर अपेक्षित होता. मी म्हटलं, "गर्दी चालते." तो हसला, पण मनातून मला एक पायरी खाली बसवलं. दौंड–मनमाड ही लाईन १८७८ पासून आमच्या जिल्ह्यातून जाते, आणि मी तिच्यावरून आयुष्यभर झोपून प्रवास केलेला. घरची गाय सोडून शेजारच्या घोडीचे फोटो काढणारा मी.

या मंडळींकडून मी एक मात्र शिकलो. सगळीकडे गाडीचे फोटो काढताना वेगाशी झुंजावं लागतं, शटर हजाराच्या पुढे न्यावं लागतं. माथेरानला वेगाचा प्रश्नच नाही. गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आतच. नेरळहून वर जाणारा मोटाररस्ता रूळ जागोजाग ओलांडतो. एका फाटकाजवळ फोटो काढून, स्कूटरवर बसून, पुढच्या फाटकाला चहा सांगून, अर्धा पिऊन पुन्हा कॅमेरा लावता येतो. गाडी वळणामागून येते ती उशिरा जेवायला येणाऱ्या जावयासारखी, ऐटीत. डब्यांमध्ये ब्रेक आवळणारे कर्मचारी बसलेले, शिट्टीच्या इशाऱ्यावर चाक फिरवणारे. उजेड, दरी, गवत, सगळं जमून आलेलं. आणि ऐन क्षणी डब्यांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर येतात.

सहा डबे, एका बाजूच्या सगळ्या खिडक्या, प्रत्येक खिडकीतून दोन डोकी आणि एक मोबाइल. जणू कुणीतरी गाडीलाच शुभेच्छुक चिकटवलेत. फ्लेक्स, पण चालता. मी शंभर मैलांवरून ज्यांच्यापासून पळून आलो ते सगळे माझ्या आधी तिकीट काढून बसलेले होते. आणि वर हात हलवतात. हात हलवणाऱ्याला आपण हात हलवला नाही तर पाप लागतं अशी आमची शिकवण, म्हणून मी हात हलवतो, तेवढ्यात इंजिन निघून जातं. माझ्याकडे माथेरानच्या गाडीच्या शेवटच्या डब्याचे जितके फोटो आहेत तितके रेल्वेकडेही नसतील.

एकदा मी शहाणपणा केला. डोक्यांच्या वरून इंजिन मिळावं म्हणून रुळाच्या बाजूच्या कठड्यावर चढलो. गणवेशातले एक गृहस्थ आले. आवाज न चढवता म्हणाले, "रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. सहा महिने, नाहीतर हजार रुपये, नाहीतर दोन्ही." चूक माझीच होती. मी उतरलो. मनात हजार रुपयांचे पासपोर्ट फोटो किती होतात याचा हिशेब चाललेला. ते जाता जाता थांबले आणि म्हणाले, "फोटोग्राफर का? मग माझा एक काढा ना, मागे गाडी येऊ द्या." काढला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला जमलेला माथेरानचा फोटो आहे. गाडी अगदी नेमकी, उजेड नाकावर, आणि तिच्यापुढे पोट.

इथे मला माझ्याच व्यवसायातली एक गोष्ट कबूल करावी लागेल. दरवर्षी दसऱ्याच्या आसपास आमच्या पंचक्रोशीतल्या कारखान्यांमध्ये बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. पूजा, नारळ, भाषणं, मग प्रमुख पाहुणे हातातला पेटता काकडा बॉयलरच्या पोटात टाकतात. काही दिवसांनी गव्हाणीत उसाची मोळी पडते, भोंगा होतो आणि हंगाम सुरू. या समारंभाचे फोटो मी कित्येक वर्षं काढतोय. चार मजली उंच बॉयलर, आत आगीचा डोंब, माथेरानच्या सगळ्या इंजिनांना मिळून जन्मात बनवता आली नसती एवढी वाफ. पण माझ्या हार्डडिस्कमध्ये शोधलं, तर एकाही फोटोत बॉयलर नाही. पाहुणे आहेत, संचालक आहेत, पाहुण्यांच्या मागे पाहुणे व्हायला आलेले आहेत. एका फोटोत कोपऱ्यात तात्यांचा कोपर आहे. चाळीस वर्षांच्या नोकरीचा माझ्याकडचा पुरावा तेवढाच. ते कधी बोलले नाहीत. पण माझे इंजिनाचे फोटो बघताना ते प्रत्येक वेळी चष्मा पुसतात, नीट बघतात आणि विचारतात, "ह्याच्यावर चालवणारा कुठाय?"

गेल्या डिसेंबरात मात्र जमलं. नेरळला दार्जिलिंगहून आणलेलं एक वाफेचं इंजिन ठेवलंय, बी वर्गातलं, नंबर ७९४. तिकडचा रूळही दोन फुटीच, म्हणून ही सोयरीक जुळली. ते आता चालत नाही, शोभेला उभं असतं. पण इंजिन खरं. मी पुण्याहून कर्जत आणि कर्जतहून लोकल धरून पहाटेच नेरळला पोचलो. थंडी होती. उजेड जेमतेम फुटलेला. आसपास एकही मोबाइल नाही. पायरीवर चढलेलं पोर नाही, बफरवर बसलेले आजोबा नाहीत. मी, कॅमेरा आणि समोर इंजिन. श्वास धरून सात फोटो काढले. आठव्याला एक कुत्रं आलं. कुत्र्याला माणूस धरायचं का यावर विचार करेपर्यंत त्याने इंजिनाच्या चाकाशी आपला अभिप्राय नोंदवला आणि ते गेलं.

घरी येऊन मी त्या सातांतला एक निवडला. त्याला रंग लावला नाही, कापलं नाही, वर नेता नाही, खाली शुभेच्छुक नाही. आठ बाय दहा फुटांच्या फ्लेक्सवर छापला, कारण माझ्याकडे मोठं छापायला तेच यंत्र आहे, आणि स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर ताणून लावला. बायको म्हणाली, "छान आहे. पण मोकळं मोकळं वाटतं." मी म्हटलं, तेच तर पाहिजे होतं. त्या रात्री मी त्याच्यासमोर एकटाच चहा घेत बसलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता एक बाई नातवाला घेऊन आल्या. जावळाचा फोटो. भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "ह्या रेल्वेपुढं काढला तर किती घेता?" मी म्हटलं, मावशी, तो बॅकग्राउंड नाही. त्यांनी तोपर्यंत नातवाला बफरच्या उंचीवर धरलेलं. पोराने इंजिनाच्या कंदिलाला हात लावला आणि हसलं. जावळाच्या फोटोत हसलेलं पोर बावीस वर्षांत मी चार वेळा पाहिलंय. काढला.

आठवडाभरात बातमी घोडेगावपर्यंत गेली. "सोनईला रेल्वे आलीय, फोटोवाल्याकडं." राहुरीहून शनिशिंगणापूरला जवळपास बावीस किलोमीटरची लाईन मंजूर झाल्याची बातमी २०२५ मध्ये आली होतीच, म्हणजे माथेरानच्या लाईनीएवढीच लांबी, फक्त डोंगर नाही, त्यामुळे काही जण तर खरोखर चौकशीला आले, की स्टेशन कुणाच्या वावरात पडलं. त्यांनीही जाताना फोटो काढून घेतला. नवरा-नवरी, दहावीत पहिली आलेली मुलगी, निवृत्त ग्रामसेवक सहकुटुंब, पंढरपूरला निघालेली दिंडी (सत्तावीस माणसं, वीणेसकट, तीन रांगांत). ज्या फोटोत माणूस नको म्हणून मी पहाटेच्या थंडीत कुडकुडलो, त्याच्यासमोर चार महिन्यांत अर्धा तालुका उभा राहून गेला. स्टुडिओचं थकलेलं भाडं फिटलं. नवीन लेन्स आली. तिने मी पुन्हा माथेरानला जाऊन डोक्यांचे आणखी स्पष्ट फोटो काढले.

आणि मग एका संध्याकाळी तात्या आले. धुतलेलं धोतर, टोपी, खिशाला पेन. आजवर त्यांनी माझ्या स्टुडिओत पासपोर्टखेरीज पाऊल ठेवलं नव्हतं. मी लाइट लावले. ते फ्लेक्ससमोर गेले, पण कॅमेऱ्याकडे तोंड करेनात. इंजिनाकडे तोंड करून बराच वेळ बघत राहिले. "पाण्याची काच इथं आतल्या अंगाला आसंल. सेफ्टी व्हॉल वर. कोळसा ह्या बाजूनं." मग स्टूल नाकारून चालकाच्या जागेशेजारी ताठ उभे राहिले, एक हात मागे, फ्लेक्सवरच्या दांडीवर. मी बटण दाबणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. बंद इंजनावर फोटू न्हाई काढायचा. धूर टाक."

फोटो काढला. रात्री संगणकावर बसलो. डिझेलला चिमणी लावणाऱ्यांना हसलेला मी धूर शोधत होतो. इंटरनेटवरचा धूर घ्यायला मन धजेना. मग जुन्या फोल्डरात गेलो. एका अग्निप्रदीपनाच्या फोटोत पाहुण्यांच्या डोक्यांवर, मागे लांब, कारखान्याची चिमणी सापडली आणि तिच्यातून निघणारा लोट. तो सावकाश कापला. म्हशीच्या शिंगातून कान काढण्यापेक्षा धूर कापणं अवघड असतं, कडा सापडत नाही. पहाटे दोनपर्यंत तो ७९४च्या चिमणीवर बसवला, वाऱ्याची दिशा जुळवली, तात्यांच्या टोपीवर जराशी राख पाडली. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम असेल.

सकाळी प्रिंट त्यांच्या हातात दिली. तात्यांनी चष्मा पुसला. आधी स्वतःला पाहिलं नाही, धूर पाहिला. बोटाने त्याच्या कडेवरून खालपासून वरपर्यंत गेले.

"कुठून आणला?"

"तात्या, संगणकात असतो."

"मला शिकवू नको. दगडी कोळशाचा धूर काळा आसतो. ह्यो चोथ्याचा हाये." मग प्रिंट नीट घडी न पडता पिशवीत घालत म्हणाले, "आन् त्या दिवशी चोथा वला होता."